काळ्या शाईतला करडा रंग

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



शाळेचा इतिहास, दिल्लीतील मराठी माणूस, मातृभाषेतील शिक्षण या विषयांवर या महोत्सवात आपण पुष्कळ ऐकले. माझा विषय त्या मानाने फार लहान आहे. शाईने काढलेल्या चित्रात सावली कशी दाखवावी, एवढाच. संयोजकांना तो थोडा अपुरा वाटला. ‘कलेचे जीवनातील स्थान’ असे काही घ्यावे, असे त्यांनी सुचवूनही पाहिले. परंतु त्या विषयावर कोणीही बोलू शकतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. निबेतून सावली कशी उतरते हे मात्र अर्ध्या तासात सांगता येते, आणि ज्याला हवे त्याला आज रात्री घरी करूनही पाहता येते.

ज्यांच्या खिशात अजून रोख पैसे असतात त्यांनी पाचशे रुपयांची नोट बाहेर काढावी. (हल्ली भाजीवालाही मोबाइल पुढे करतो, तेव्हा शेजाऱ्याची नोट पाहिली तरी चालेल.) गांधीजींचा चेहरा हातभर अंतरावरून पाहा. गालाची गोलाई, कपाळावरचा उजेड, चष्म्याखालची सावली, सगळे कसे मऊ दिसते. आता तीच नोट डोळ्यांजवळ आणा, शक्य असल्यास भिंगाखाली धरा. मऊपणा नाहीसा होतो आणि उरतात त्या बारीक रेषा. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे एकमेकींना छेदणाऱ्या. चेहऱ्यावरून अंगठा फिरवला तर त्या बोटाला लागतातही, कारण हे चित्र धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेले असते. नोटेच्या मागे आपला लाल किल्ला आहे; वीस रुपयांच्या नव्या नोटेमागे वेरूळ आहे. नाशिकच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. म्हणजे रेषांनी छाया दाखवण्याचा उत्तम नमुना महाराष्ट्रात छापला जातो, देशभर फिरतो, आणि त्याच्याकडे त्याच्या किमतीपलीकडे कोणी पाहत नाही.

शाईच्या चित्राची सारी अडचण आणि सारी गंमत त्या नोटेत आहे. पेन्सिल हलकी टेकवली तर फिकट उमटते, दाबली तर गडद. जलरंगात पाणी घातले की तो उतरतो. काळ्या शाईच्या रेषेला असे काही जमत नाही; ती असते किंवा नसते. दौतीत करडा रंग मिळत नाही. तो तयार होतो पाहणाऱ्याच्या डोळ्यात, रेषा आणि रेषेमागचा पांढरा कागद यांच्या मिश्रणातून. म्हणून सावली भरणे म्हणजे काळे करत जाणे, ही समजूत शाईपुरती तरी चुकीची आहे. पांढरे किती आणि कुठे राखायचे याचा निर्णय म्हणजे शाईतले छायांकन.

ही पद्धत केवळ हौसेतून वाढली नाही. तिच्यामागे छापखान्याची गरज होती. जुन्या मासिकांतील चित्रे जस्ताच्या लाइन ब्लॉकवरून छापली जात. त्या ठोकळ्याला काळे आणि पांढरे एवढेच कळे. मधल्या छटा हव्या असतील तर हाफटोन ब्लॉक करावा लागे, आणि त्याला गुळगुळीत, महाग कागद लागे. स्वस्त कागदावरच्या कथेला चित्र हवे तर चित्रकाराने छटा रेषेतूनच निर्माण करायची. ज्यांच्या घरी जुने दिवाळी अंक राखून ठेवले असतील त्यांनी दीनानाथ दलालांची कथाचित्रे या दृष्टीने पुन्हा पाहावीत. वसंत सरवटे यांचेही उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. जयवंत दळवींच्या ठणठणपाळाला चेहरा दिला तो सरवट्यांनी. व्यवसायाने ते स्थापत्य अभियंता. रेषा मोजून खर्च करण्याची सवय त्यांना तिथून लागली असावी, असा माझा आपला तर्क. ते कागद मोकळा ठेवतात आणि नेमक्या जागी थोडेसे काळे टाकतात. उलट गोव्याचे मारिओ मिरांडा. कौले, फरशी, खिडकीचे गज, लुगड्यावरची नक्षी, प्रत्येक पृष्ठभाग ते वेगळ्या रेषाजाळीने भरतात आणि त्या दाटीत एखादी पांढरी भिंत अशी सोडतात की गोव्याचे ऊन जाणवावे. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांची चित्रे आजही पाहता येतात. आपल्या दिल्लीतही १९४८ ते १९७५ अशी सत्तावीस वर्षे ‘शंकर्स वीकली’ निघत होते. व्यंगचित्रकारांच्या एका पिढीचा हात त्या पानांवर तयार झाला.

परदेशातील एकच गोष्ट सांगते, कारण ती मुलांना फार आवडते. अमेरिकेत इंडियाना राज्यातील एका शेतावर फ्रँकलिन बूथ नावाचा मुलगा वाढत होता. १८७४ चा जन्म. घरी येणाऱ्या मासिकांतील चित्रे तो पेनने उतरवून काढी. ती चित्रे पेनची आहेत अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात ती लाकडावर कोरलेली होती. कोरक्याने लाकूड खोदून पांढऱ्या रेषा काढायच्या आणि उरलेले काळे छापायचे, अशी ती रीत. हे ठाऊक नसल्यामुळे त्या मुलाने कोरीव ठशाची नजाकत साध्या निबेने साधली. पुढे त्याची ढगांची आणि उंच झाडांची चित्रे जगभरच्या पेन-चित्रकारांचा कित्ता झाली.

कित्ता हा शब्द सहज आला, पण तो आपलाच आहे. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक यांची शाई, बोरूचा तिरका छेद, आणि गिरवायला कित्ता. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला रेषा जाड कुठे होते आणि बारीक कुठे, हे हातानेच ठाऊक असे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा उद्योग सुरू केला. त्याचीच पुढे कॅमलिन झाली आणि आपल्या सर्वांच्या कंपासपेटीत येऊन बसली. आज साधने विपुल आहेत. टाक आणि निब घ्यायची तर जलरोधक काळी ड्रॉइंग इंक घ्यावी. ती फाउंटन पेनमध्ये मात्र भरू नये, पेन तुंबते. नवशिक्याला मी बारीक टोकाचे, पक्क्या शाईचे एकच पेन सुचवते. बाजारात शून्य-एक क्रमांकाचे मिळते, त्याची रेषा साधारण पाव मिलिमीटरची असते. सहा पेनांचा संच घेऊ नका. जाड पेन हाताशी असले की मूल विचार न करता सावली त्यानेच भरून मोकळे होते.

पहिला धडा छटांच्या पट्टीचा. ओळीने सात चौकोन आखा. पहिला कोरा, सातवा पूर्ण काळा. मधले पाच समान पायऱ्यांनी गडद होत गेले पाहिजेत. ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात बहुतेकांचा तिसरा चौकोनच इतका काळा होतो की पुढे जायला वाट उरत नाही. उपाय असा, की सातवा आधी भरावा, मग मधला चौथा, आणि नंतर त्यांच्या मधले.

इथे थोडे गणित सांगते. गणिताच्या शिक्षकांना आनंद होईल. पाव मिलिमीटरच्या रेषा पाऊण मिलिमीटर अंतर सोडून काढल्या, तर सेंटिमीटरमध्ये दहा रेषा बसतात आणि पाव कागद झाकला जातो. त्याच अंतराने दुसरा थर आडवा टाकला तर अर्धा झाकला जाईल असे वाटते. तसे होत नाही. रेषा जिथे एकमेकींवरून जातात तिथे काळ्यावर काळे पडते आणि ते वाया जाते. उरलेल्या पाऊण पांढऱ्याचा पाव भागच नव्याने झाकला जातो. एकूण झाले सुमारे ४४ टक्के. तिसऱ्या थराने ५८ टक्के, चौथ्याने ६८. प्रत्येक थराची कमाई आधीच्या थराहून कमी. म्हणून केवळ थर वाढवत खोल काळेपण मिळत नाही, कागद मात्र खरवडून निघतो. जिथे दरवाज्याच्या आतला मिट्ट अंधार हवा तिथे सरळ काळे भरावे आणि पुढे जावे.

रेषा एकमेकींना कोणत्या कोनात छेदतात हेही पाहावे लागते. बरोबर काटकोनात छेदल्या तर चित्रावर मच्छरदाणी टाकल्यासारखे दिसते. लहान कोनात छेदल्या तर बारीक शंकरपाळ्यांसारखी जाळी होते आणि नजर तिच्यावरून घसरत जाते. पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा टाकू नये. हाताखाली कोरा कागद ठेवावा. निब ओढावी, ढकलू नये. मनगट वळत नसेल तर कागद वळवावा. दिल्लीच्या मे महिन्यात शाई निबेवरच सुकते आणि श्रावणात कागद ओल धरून रेषा फुटते, हे दोन्ही अनुभव ज्याचे त्याने घ्यावेत. ठिपक्यांच्या पद्धतीविषयी मात्र माझे मत थोडे प्रतिकूल आहे. स्टिपलिंगचे व्हिडिओ मुलांना मोहात पाडतात. चिकाटी त्यात निश्चित लागते, परंतु ठिपक्याला दिशा नसते. रेषेला असते. घुमटावरची रेषा बांगडीसारखी वळली पाहिजे, भिंतीवरची ताठ उतरली पाहिजे, जमिनीवरची आडवी निजली पाहिजे. वस्तूचा आकार हाताला कळला आहे की नाही हे रेषा लगेच सांगून टाकते. ठिपके ते झाकून ठेवतात. म्हणून ठिपके नंतर.

पट्टी जमली की मुलांना बाहेर न्यावे. आणि या बाबतीत दिल्लीच्या मुलांसारखी भाग्यवान मुले दुसरीकडे नाहीत. सुरुवात जंतरमंतरपासून करावी. सवाई जयसिंहाने १७२४ च्या सुमारास बांधलेली ही वास्तू सावली मोजण्यासाठी उभी आहे. नक्षी नाही, जाळी नाही. सपाट लाल भिंती, पायऱ्या आणि वळणदार कमानी. सम्राट यंत्राची तिरपी भिंत दिल्लीच्या अक्षांशाइतकी, अठ्ठावीस अंशांहून थोडी अधिक, कललेली आहे. तिची सावली डोळ्यांदेखत सरकते, कारण तेच तिचे काम. इमारत काढून होईपर्यंत सावली निघून गेलेली असते. तेव्हा आधी सावलीची कड हलक्या पेन्सिलीने पक्की करायची, कोपऱ्यात वेळ लिहायची, आणि पुढचे दोन तास ती वेळ बदलायची नाही. कागदावर साडेनऊ वाजले तर साडेनऊच. मुलांना ही अट चमत्कारिक वाटते. चित्रात दोन निरनिराळ्या वेळांच्या सावल्या एकत्र आल्या की चित्र खोटे का दिसते, हे कळल्यावर मात्र ती आपण होऊन पाळतात.

खरी परीक्षा हुमायूनच्या मकबऱ्यापाशी. १५७० च्या सुमाराची ही वास्तू लाल वालुकाश्माची आहे आणि तिचा घुमट पांढऱ्या संगमरवराचा. हिवाळ्यात दुपारनंतर पश्चिमेच्या दरवाज्याने आत जावे. समोरची बाजू उन्हात असते. सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, म्हणून घुमटाची डावी बाजू सावलीत असते. आता आपल्याकडे शाई एक आणि दगड दोन. लाल दगडाला मुळातच रंग आहे, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या हिशेबात तो उन्हातही करडा. संगमरवर पांढरा. पहिल्या दिवशी मुले हमखास काय करतात? भिंतींवर रेषा भरतात आणि घुमट सबंध कोरा सोडतात. कडेने एक बाह्यरेषा. विचारले तर उत्तर तयार असते: ‘बाई, तो पांढरा आहे ना!’ आणि कागदावरचा घुमट आभाळातून कात्रीने कापलेल्या चकतीसारखा चपटा दिसतो.

मग त्यांना दोन गोष्टी करायला सांगायच्या. डोळे किलकिले करून पाहा. आणि जाड कागदाला पेन्सिलीच्या टोकाने छोटे भोक पाडून त्यातून आधी घुमटाची सावलीतली बाजू पाहा, लगेच उन्हातली लाल भिंत पाहा. भोकातून पाहिले की घुमट ‘घुमट’ राहत नाही आणि संगमरवर ‘पांढरा’ राहत नाही. दिसतो केवळ एक गडद-फिकट ठिपका. आणि तेव्हा कळते की सावलीतला संगमरवर उन्हातल्या लाल दगडाच्या बरोबरीला येतो, कधी कधी त्याहून गडदही असतो. हे कळताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. काही जण दोन-तीनदा भोकातून पाहतात, कारण त्यांना ते पटत नाही. पटल्यावर घुमटाच्या डाव्या अंगाला बांगडीसारख्या वळणाच्या रेषा येतात. त्या अगदी तळाशी पुन्हा थोड्या विरळ होतात, कारण खालच्या गच्चीवरचे ऊन परतून तिथे चढते. उजवीकडची बाह्यरेषा पुसट होत जाते, काही ठिकाणी सोडून द्यावी लागते. मधल्या उंच कमानीच्या पोटात पूर्ण काळे. एवढे साधले की वास्तू कागदावर वजन टाकून उभी राहते. मला यापेक्षा अधिक आनंद देणारे शिकवण्याचे काम माहीत नाही.

जानेवारीच्या धुक्यात तर सावलीच नसते. तेव्हा जवळचे झाड दाट रेषांनी आणि मागचा घुमट चार विरळ रेषांनी काढावा; अंतरानेच छटा ठरतात. पण धुक्यात बसायला पालक परवानगी देत नाहीत, आणि दिल्लीची हवा पाहता त्यांचेही बरोबरच आहे.

आता पालकांशी दोन शब्द. मुले चित्रे काढत नाहीत असे नाही. पुष्कळ काढतात, आणि बहुतेक मोबाइलवरच्या फोटोवरून काढतात. अडचण अशी की आजचा मोबाइल फोटो घेतानाच सावल्या आपोआप उजळवतो आणि तीव्र ऊन दाबून टाकतो, म्हणजे सगळे नीट दिसावे. किती पांढरे राखायचे हा जो निर्णय शाईच्या चित्रात मुलाने घ्यायचा असतो, तो यंत्राने आधीच घेतलेला असतो. मूल सुंदर नक्कल करते, हातही बसतो. परंतु सावलीतला संगमरवर आणि उन्हातला वालुकाश्म यांची तुलना त्याने स्वतः केलेली नसते. भोकातून पाहून स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवण्याचा तो क्षण त्याच्या वाट्याला येत नाही.

दुसरे, सफाईविषयी. चित्र ‘क्लीन’ हवे असा आग्रह घरी असतो. त्यामुळे मुले पेन्सिलीची छटा बोटाने घासून गुळगुळीत करतात आणि शाईला घाबरतात, कारण शाई खोडता येत नाही. अशा पालकांना मी चित्तप्रसादांची चित्रे पाहायला सांगते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात हा तरुण चित्रकार मेदिनीपूर जिल्ह्यात फिरला आणि त्याने भुकेली माणसे शाईत उतरवली. ‘हंग्री बेंगाल’ हे त्याचे पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केले. कुटुंबाकडे राहिलेल्या प्रतीवरून दिल्लीतल्याच एका कलादालनाने ते २०११ मध्ये पुन्हा छापले. पुढे चित्तप्रसाद मुंबईत स्थायिक झाले. त्या चित्रांत बरगड्यांच्या आणि खोल गेलेल्या डोळ्यांच्या सावल्या घाईने, खरखरीत हाताने टाकलेल्या आहेत. त्या गुळगुळीत असत्या तर पाहवल्याही असत्या, आणि सरकारला कदाचित त्यांची भीतीही वाटली नसती.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. नववी लागली की चित्रकलेचा तास आधी अर्धा होतो, मग गणिताच्या ज्यादा वर्गाला दिला जातो. हे आपल्याच शाळेत होते असे नाही. नोएडा-गुरुग्रामच्या मोठमोठ्या शाळांतही तेच. मुख्याध्यापिकाबाई समोर बसल्या आहेत, तरीही बोलते. चाळीस मिनिटांच्या तासात वह्या वाटण्यात दहा मिनिटे जातात, आणि तीस मिनिटांत शाईचा दुसरा थर टाकायला पहिला वाळलेलाही नसतो. मला आठवड्याचे दोन तुकडे नकोत. महिन्यातून एक अखंड सकाळ हवी.

त्यासाठी महोत्सव समितीपुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. फेब्रुवारीतील दोन शनिवारी आठवी ते दहावीची मुले आणि येऊ इच्छिणारे माजी विद्यार्थी जंतरमंतरला बसतील; मार्चच्या पहिल्या शनिवारी हुमायूनच्या मकबऱ्याला. चित्रे शाळेच्या जिन्याच्या भिंतीवर लावली जातील, चांगली-वाईट न निवडता. पालकांनीही यावे, मात्र मुलांच्या कागदाकडे न पाहता स्वतःचा कागद घेऊन यावे. प्रत्येकाने एक बारीक पेन, एक पेन्सिल, जाड कागदाचे चार ताव, पाठीमागे धरायला पुठ्ठा, आणि भोक पाडलेले एक पोस्टकार्ड आणावे. खोडरबर आणू नये. पहिल्या दिवशी साडेनऊची सावली धरायची आहे, तेव्हा नऊच्या आत दारापाशी पोहोचावे. मेट्रोने पटेल चौक किंवा जनपथ, दोन्हीकडून चालत येता येते.